आधी बाग, मग पेला

जानेवारी सरत आला की नाशिकच्या शिवारात पहाटेची वर्दळ सुरू होते. दिंडोरीच्या वाटेवर, गंगापूर धरणाच्या काठी, इगतपुरीकडच्या सांजेगाव परिसरात, निफाडच्या काळ्या जमिनीत वाइनच्या द्राक्षांची तोडणी लागलेली असते. अंधार असतानाच टोळ्या बागेत उतरतात. घड कात्रीने उतरवून कॅरेटमध्ये अलगद ठेवले जातात आणि ऊन तापायच्या आत ट्रॅक्टर वायनरीच्या दारात उभा राहतो. ही घाई उगाच नसते. उन्हात तापलेला मणी फुटला की त्याचा रस वाटेतच आंबू लागतो, आणि पांढऱ्या वाइनचा नाजूक सुवास दोन-तीन तासांत हातचा जातो. म्हणून सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि चेनिन ब्लाँची तोडणी आधी. शिराझ आणि कॅबर्नेसारख्या काळ्या जाती त्यानंतर, मार्चपर्यंत.

शनिवार-रविवार असेल तर त्याच दिवशी अकराच्या सुमारास मुंबई-पुण्याच्या गाड्या त्याच रस्त्यांना लागतात. पाहुणे वायनरीच्या आवारात उतरतात, फोटो काढतात, टाक्या पाहतात आणि टेस्टिंग रूममध्ये जाऊन बसतात. तोवर तोडणीची टोळी घरी निघालेली असते. ज्या हंगामाचे नाव ऐकून ही माणसे दीड-दोनशे किलोमीटर आली, तो हंगाम त्या दिवसापुरता त्यांच्या येण्याआधीच उरकलेला असतो.

यंदाची तोडणी सुरू होत असताना नाशिकच्या वाइन पर्यटनाविषयी आम्हाला जे म्हणायचे आहे, ते या चुकलेल्या भेटीपासून सुरू होते. हे पर्यटन वाढते आहे आणि ते वाढावे असेच आम्हाला वाटते. पण पाहुणा वायनरीपर्यंत येतो आणि बागेत उतरत नाही. बाग त्याच्या लेखी खिडकीतून दिसणारी हिरवाई असते. ज्या पर्यटनात बाग अशी मागे सरकते, तिथे काही वर्षांनी बागेच्या जागी दुसरेच काही उभे राहते. नाशिकमध्ये त्याची सुरुवात झालेली आहे.

नाशिकचे द्राक्ष जुने, वाइन नवी. ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास या भागात द्राक्षाची बाग उभी केली, आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांनी निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतचा पट्टा द्राक्षासाठी देशभर ओळखीचा केला. ती सगळी खायची द्राक्षे होती. वाइनचा मोठा प्रयत्न आधी झाला तो पुणे जिल्ह्यात, नारायणगावला. श्यामराव चौगुले यांनी ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राच्या मदतीने तिथे फेसाळती वाइन बनवली आणि 'ओमर खय्याम' या नावाने ती परदेशात नेली. नाशिकची पाळी त्यानंतर आली. कॅलिफोर्नियातली नोकरी सोडून परतलेल्या राजीव सामंत यांनी गंगापूर धरणालगतच्या कुटुंबाच्या जमिनीवर आंबा, गुलाब, साग असे प्रयोग केले आणि १९९७ मध्ये तिथे वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या. त्यांच्या 'सुला' या वायनरीची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभारण्यात आले. सुलाने २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली आणि २००८ पासून संगीताचा महोत्सव सुरू केला. त्यानंतर यॉर्क, सोमा, व्हॅलोन, ग्रोव्हर झाम्पा, दिंडोरीची शाँडाँ अशी नावे या नकाशावर आली. तिकडे माळशिरस तालुक्यात, अकलूजच्या मोहिते-पाटील कुटुंबाने इटालियन भागीदारांसोबत फ्रातेल्ली ही वायनरी उभी केली. आज वाइन पर्यटनाचे उत्पन्न वायनरीच्या हिशेबात वेगळ्या ओळीत मांडले जाते, इतका या धंद्याचा जम बसला आहे.

पाहुण्यांना तिथे जे दाखवले जाते ते दाखवण्याजोगे आहे. द्राक्ष देठापासून सोडवणारे यंत्र, थंड ठेवलेल्या पोलादी टाक्या, ओकच्या पिंपांची रांग. मग पाच-सहा पेले समोर येतात. रंग पाहा, पेला हलकेच फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा, मग गिळा किंवा शेजारच्या भांड्यात टाकून द्या, असे सांगणारी मुले-मुली बहुतेक वेळा नाशिक परिसरातलीच असतात. पंचविशीतली ही मुले ज्या आत्मविश्वासाने फ्रेंच नावे उच्चारतात आणि शंका फेडतात, त्याचे आम्हाला मनापासून कौतुक आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या पदवीधर मुलीला घरापासून दहा किलोमीटरवर असे काम मिळते, हे या पर्यटनाचे मोठे देणे आहे.

पण वाइनमधले जे नाशिकचे आहे, ते टाकीत दिसत नाही. पोलादी टाक्या इटलीत पाहा की चिलीत, त्या सारख्याच असतात. वेगळी आहे ती इथली बाग, आणि ती खरोखर जगावेगळी आहे. युरोपातली द्राक्षवेल थंडीत पाने गाळून झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात घड देते. तिची छाटणी वर्षातून एकदा. आपल्या हवेत वेल झोपतच नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी तिला दोन छाटण्यांच्या शिस्तीत बसवले. एप्रिलमध्ये खरड छाटणी: तोडणी झालेली वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तिच्या आडव्या हातांपर्यंत, मागे छाटायची, नव्या काड्या फुटू द्यायच्या. त्या काड्यांच्या डोळ्यांत मे-जूनच्या उन्हात पुढच्या घडाचा अंश धरला जातो. बागाईतदार त्याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. पावसाळाभर काडी पिकवायची आणि पाऊस ओसरला की सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. तिच्यानंतर जो फुटवा येतो त्यालाच घड लागतात. छाटणी दोनदा आणि पीक एकदा, या हिशेबावर महाराष्ट्रातले सगळे द्राक्ष उभे आहे. फेब्रुवारीत फ्रान्समधल्या बोर्दोच्या बागा पानाविना उभ्या असतात, तेव्हा नाशिकचे घड पिकून तोडले जात असतात. हे ज्ञान कोणत्याही फ्रेंच पुस्तकातून आलेले नाही. ते इथल्या शेतकऱ्यांनी, द्राक्ष बागाईतदार संघाने आणि संशोधकांनी अनुभवातून, नुकसान सोसून उभे केले आहे. नाशिकला आलेल्या पाहुण्याने पाहावे असे पहिले काही असेल तर ते हे.

त्याला द्राक्ष आणि द्राक्ष यांतला फरकही दाखवता येईल. बाजारातले द्राक्ष मोठे, पातळ सालीचे, बिनबियांचे असावे म्हणून शेतकरी जिवाचे रान करतो. घडांची विरळणी करतो, संजीवकात घड बुडवतो, एकेका मण्याची फुगवण पाहतो. वाइनच्या द्राक्षाचे सगळे उलटे. मणी लहान हवा, साल जाड हवी, बी चालते. कारण लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा सालीतून उतरतो आणि मणी जितका लहान तितका रसाच्या मानाने सालीचा वाटा जास्त. गोडी मात्र खायच्या द्राक्षाहून अधिक लागते. साखरेचे मोजमाप बावीस ते चोवीस ब्रिक्सवर आले की तोडणी होते. पिकलेल्या शिराझचा एक मणी पाहुण्याच्या तळहातावर ठेवून तो चावायला सांगितला, तर आधी गोडी, मग बी दाताखाली, मग जिभेवर चढणारा तुरटपणा, असे सगळे त्याला स्वतःलाच कळेल. नंतर पेल्यातली शिराझ त्याला निराळी लागेल. टेस्टिंग रूममधल्या अर्ध्या तासाच्या व्याख्यानाने जे होत नाही ते या एका मण्याने होईल.

आणि थंडी. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, याची बातमी दर हिवाळ्यात पहिल्या पानावर येते. खायच्या द्राक्षाचा बागाईतदार तेव्हा हवालदिल असतो. मणी तडकू नये म्हणून बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतो. वाइनच्या द्राक्षाला हीच थंड रात्र मानवते. दिवसा ऊन साखर चढवते आणि रात्रीचा गारवा फळातली आंबटाई टिकवून धरतो. वाइनला ताजेपणा येतो तो या आंबटाईने. एकाच शिवारात, एकाच रात्री, एका बांधावर काळजी आणि शेजारच्या बांधावर समाधान असते. हे ऐकायला मिळाले तर मुंबईचा पाहुणा नाशिकच्या थंडीकडे पुन्हा नुसती गुलाबी थंडी म्हणून पाहणार नाही.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला. त्या यादीत काय नोंदले गेले, ते आपण नीट पाहायला हवे. दिजाँ आणि बोन ही शहरे तर त्यात आहेतच, पण वारसा म्हणून मांडले गेले ते मुख्यतः जमिनीचे तुकडे. शतकानुशतके नाव, हद्द आणि चव सांभाळत आलेले हजाराहून अधिक तुकडे. क्लो द व्हूजो ही मध्ययुगात ख्रिस्ती साधूंनी दगडी कुंपण घालून राखलेली बाग आज सव्वाशे एकरांच्या आसपास आहे आणि तिचे मालक ऐंशीच्या घरात आहेत. वारसाहक्काने वाटण्या होत होत कित्येकांच्या हाती वेलींच्या काही ओळी तेवढ्या राहिल्या. वाटण्यांची ही गोष्ट महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागणार नाही. फरक एवढाच की तिथे त्या चार ओळींनाही नाव आहे, आणि जगभरातून आलेली माणसे त्या कुंपणाशी उभी राहून माती पाहतात.

आपल्याकडे याची सुरुवात झाली आहे, हे नोंदवायला हवे. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सुलाच्या एका शिराझवर दिंडोरीचे नाव आहे. दिंडोरी तालुक्यातल्या चारोसा गावाच्या नावाने एक वाइन निघाली. तालुका बाटलीवर आला, गाव आले. आता त्या गावातला शेतकरी यावा. मोठ्या वायनऱ्या आपली बरीचशी द्राक्षे करार केलेल्या शेतकऱ्यांकडून घेतात. दर आधी ठरतो, तोडणीची तारीख वायनरी सांगते आणि साखरेचे मोजमाप झाल्यावर माल उचलला जातो. या शेतकऱ्यांच्या बागा मुख्य रस्त्यापासून आत, दोन-चार किलोमीटरवर असतात. तिथवर कोणी पाहुणा जात नाही आणि त्यांचे नाव कोणाला ठाऊक नसते. नाशिक हे शतकानुशतके यात्रेकरूंचे गाव आहे. रामकुंडावर गेलेल्या माणसापुढे तीर्थोपाध्याय आपली वही उघडतो आणि त्याच्या पणजोबाने कधी काळी केलेली नोंद दाखवतो. तो माणूस मग या गावाशी नावाने जोडला जातो. बाटलीच्या मागच्या बाजूला गावाचे आणि बागाईतदाराचे नाव छापणे, तोडणी कोणत्या तारखेची ते लिहिणे, ही अशीच एक नोंद ठरेल. तिला खर्च जवळजवळ नाही.

शेतकऱ्याला या पर्यटनात पुढे आणण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते कडू आहे. २००१ च्या धोरणानंतर वायनऱ्या झपाट्याने वाढल्या, आणि त्यांच्या भरवशावर अनेकांनी खायच्या द्राक्षाच्या बागा मोडून वाइनच्या जाती लावल्या. २००८ ची मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली, टाक्यांत वाइन पडून राहिली. पुढच्या हंगामांत कित्येक वायनऱ्यांनी माल उचललाच नाही. वाइनचे द्राक्ष बाजारात नेऊन विकता येत नाही. लहान, बियांचा, जाड सालीचा मणी गिऱ्हाईक घेत नाही. शेतकऱ्यांनी हताश होऊन उभ्या बागा तोडल्या. नारायणगावच्या ज्या कंपनीने या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते तीही कर्जाखाली कोसळली. त्या वर्षांचा धसका अनेक घरांत अजून आहे. ज्या शेतकऱ्याकडे वायनरीच्या चेकखेरीज दुसरे उत्पन्न नाही, त्याला असा धक्का पुन्हा बसू शकतो. त्याच्या बागेत पाहुणे आले, त्याच्या ओसरीवर जेवले, त्याचा बेदाणा, रस आणि ताजी द्राक्षे घेऊन गेले, तर पडत्या वर्षात त्याला तेवढा टेकू मिळेल. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले आहे. नोंदणीची व्यवस्था आहे. वाइनचा पट्टा आणि कृषी पर्यटन हे दोन विषय सरकारी कागदांत वेगवेगळ्या दालनांत बसले आहेत, ते एकत्र आणणे कठीण नाही.

बागेत उतरलेल्या पाहुण्याला आणखी काही माणसे भेटतील. पेठ, सुरगाणा आणि दिंडोरीच्या डोंगराळ भागातून आदिवासी मजूर द्राक्षाच्या कामाला दरवर्षी खाली येतात. छाटणी, विरळणी, बांधणी, तोडणी ही कामे टोळ्या उक्ती घेतात, एकराच्या हिशेबाने. यांत बायका मोठ्या संख्येने असतात, आणि काडीवर किती डोळे ठेवायचे, कोणता फुटवा काढायचा, हे त्यांच्या हातांना पक्के ठाऊक असते. वाइनची चव ठरवण्यात या निर्णयाचा वाटा वाइनमेकरच्या निर्णयाहून कमी नाही. तरी यांच्यासाठी बागेच्या कडेला सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह आणि मुलांना बसायला जागा असतेच असे नाही. पाहुण्यांची नजर तिथवर गेली तर या गोष्टी लवकर होतील, असे आम्हाला वाटते. छाटणी शिकवायला एखाद्या जाणत्या बाईला उभे करावे आणि तिला त्या दिवसाची मजुरी नव्हे, मार्गदर्शकाचे मानधन द्यावे. तिचा फोटो काढण्यासाठी तिला उभे करू नये.

आता दारूचा प्रश्न. तो टाळून वाइनवर अग्रलेख लिहिणे आम्हाला प्रामाणिक वाटत नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि वाइनसाठी वय एकवीस पूर्ण असावे लागते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आहे, आणि त्या मतामागे मोडलेल्या संसारांचा अनुभव आहे. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांवरच्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याला मोठा विरोध झाला आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वेळी समर्थनात सांगितले गेले की हे सारे शेतकऱ्यांसाठी आहे. हे अर्धेच खरे होते. महाराष्ट्रातले बहुतांश द्राक्ष खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठी पिकते. वाइनला जाते तो त्यातला लहानसा भाग. वाइनमुळे द्राक्ष शेतकऱ्यांचे सारे प्रश्न सुटतील असे म्हणणे त्यांची फसवणूक करणे आहे. पण त्या लहान भागात जे कुटुंब आहे, त्याच्या श्रमाला चांगला दर मिळावा ही मागणी तेवढ्याने खोटी ठरत नाही.

आमचे मत असे की वाइन ही दारूच आहे, हे मान्य करूनच तिच्या पर्यटनाचे नियम करावेत. चव घेणे आणि पिणे यांतला फरक वायनऱ्यांनी स्वतः पाळावा. थुंकण्याचे भांडे टेबलाच्या मध्यावर असावे, कोपऱ्यात नव्हे. सोबत आलेल्या न पिणाऱ्या माणसासाठी त्याच द्राक्षाचा ताजा रस असावा. मुले घेऊन आलेल्या कुटुंबाला बागेची फेरी मिळावी आणि तिचा शेवट टेस्टिंग रूममध्येच झाला पाहिजे असा आग्रह नसावा. आणि सर्वांत तातडीची गोष्ट म्हणजे परतीचा प्रवास. दुपारी सहा पेले घेतलेला माणूस संध्याकाळी कसारा घाटात स्वतः गाडी चालवत उतरतो, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. नाशिक शहराची सिटीलिंक बससेवा २०२१ पासून धावते आहे. शनिवार-रविवारी नाशिकरोड स्थानकावरून निघून गंगापूर आणि दिंडोरी बाजूच्या वायनऱ्यांना वळसा घालून परत येणारी एक ठरावीक फेरी सुरू करणे महापालिकेला आणि वायनऱ्यांना मिळून सहज जमावे. रेल्वेने यावे, बसने फिरावे, रेल्वेने परतावे. घाटातले अपघात टाळायचे तर इतका स्वस्त दुसरा उपाय नाही.

सर्वांत जास्त काळजी आहे ती जमिनीची. गंगापूर रस्त्यावर वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांनी बागा पाहिल्या, त्यांना तिथे आज इमारती दिसतात. शहर वाढते, ते वाढणारच. पण आता वाढीला एक नवे निमित्त मिळाले आहे: बागेचे दृश्य. द्राक्षबागेच्या शेजारी घर, द्राक्षबागेच्या शेजारी रिसॉर्ट, लग्नाचे लॉन, फार्महाऊसचे प्लॉट. मुंबईकडून येणारा समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यावर इगतपुरीच्या बाजूलाही हीच ओढ वाढली आहे. शेजारची जमीन कोटींत गेली की बागाईतदाराच्या मुलाला एकराला मिळणाऱ्या द्राक्षाच्या पैशांत अर्थ वाटेनासा होतो. बिगरशेती परवाना निघतो, वेली निघतात. ज्या दृश्याच्या जाहिरातीवर प्लॉट विकला गेला, ते दृश्य तो प्लॉटच गिळतो.

कॅलिफोर्नियातली नापा व्हॅली या पेचातून गेली आहे. १९६८ मध्ये तिथल्या काउंटीने व्हॅलीची सपाट जमीन शेतीसाठी राखीव ठेवली. अमेरिकेतला हा असा पहिला निर्णय. जमिनीचे तुकडे वीस एकरांच्या खाली पाडता येणार नाहीत, असे आधी ठरले. ती मर्यादा पुढे चाळीस एकरांवर नेली गेली. तेव्हा नापाची वाइन जगात मोठी नव्हती. पॅरिसमधली ती प्रसिद्ध चाचणी, जिच्यात फ्रेंच परीक्षकांनी डोळे झाकल्यासारखे, नावे न पाहता नापाच्या वाइनला पहिला क्रमांक दिला, ती आठ वर्षांनी, १९७६ मध्ये झाली. म्हणजे कीर्ती येण्याआधी जमीन वाचवली गेली होती. १९९० मध्ये मतदारांनी आणखी एक बंधन स्वतःवर घालून घेतले: राखीव शेतजमिनीचा वापर बदलायचा तर लोकांचे मत घ्यावे लागेल. त्याच वर्षी वायनरी कोणाला म्हणायचे याचाही नियम झाला, म्हणजे वाइनच्या नावाखाली नुसते समारंभाचे हॉल उभे राहू नयेत. नापाचे सगळेच अनुकरण करावे असे नाही. तिथे जाणे आज सामान्य माणसाच्या खिशाला परवडत नाही, आणि मजुरांना घर मिळत नाही. पण जमीन आधी आणि पाहुणे नंतर, हा क्रम त्यांनी बरोबर लावला.

नाशिकमध्ये चाळीस एकरांची अट शक्य नाही. आपल्याकडे चाळीस एकर एका नावावर किती जणांकडे आहे? पण गंगापूर-सावरगाव, दिंडोरी, सांजेगाव अशा दोन-तीन पट्ट्यांत बागायती जमिनीचा वापर बदलण्यावर काही वर्षांसाठी बंधन घालता येईल. त्या बदल्यात बाग राखणाऱ्याला करात सूट, विमा हप्त्यात मदत आणि पर्यटनाच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा देता येईल. नुसते बंधन घालून शेतकऱ्याच्या जमिनीची किंमत पाडणे अन्यायाचे होईल, म्हणून दुसरी बाजू आवश्यक आहे. वाइन विकत घेणारा, तिकीट काढून टेस्टिंगला बसणारा पाहुणा यात शंभर-दोनशे रुपये घालायला तयार होईल, जर ते कोणत्या बागेसाठी जातात हे त्याला दिसले तर. प्रादेशिक विकास आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा विचार सिंहस्थाच्या तयारीत रस्ते रुंद होत असतानाच करायला हवा. रस्ता झाल्यावर जमीन थांबत नाही.

हवामानाने तर थांबायला जागाच ठेवलेली नाही. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस उतरला. जो महिना काडीच्या डोळ्यांना ऊन देण्याचा, तो ढगाळ आणि ओला गेला. पाऊस लांबला की गोडी छाटणीचे वेळापत्रक सरकते, डावणी आणि भुरी हे रोग पाठ सोडत नाहीत, फवारण्यांचा खर्च चढत जातो. पाहुण्याला फेब्रुवारीत दिसणारा भरला घड अशा वर्षभराच्या झुंजीतून आलेला असतो, आणि एखाद्या बागेत तो आलेलाच नसतो. अशा रिकाम्या बागेकडेही पाहुण्यांना न्यावे असे आम्ही म्हणू. पीक का आले नाही, हे शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलेला माणूस शहरात परतल्यावर अवकाळीची बातमी वेगळ्या कानांनी ऐकतो.

या हंगामात लगेच करता येण्याजोगी एकच गोष्ट निवडायची तर ती पहाटेची. तोडणीच्या दिवसांत आठवड्यातून एक-दोनदा पंधरा-वीस पाहुण्यांचा गट पहाटे पाचला बागेत घ्यावा. त्यांनी टोळीच्या आड न येता एक ओळ तोडावी, कॅरेट उचलून पाहावे, वजनकाट्यापर्यंत चालत जावे, टाकीत रस उतरताना पाहावा, आणि न्याहारी बागाईतदाराच्या घरची करावी. टेस्टिंग त्यानंतर, दोन पेल्यांची. ज्या वायनऱ्यांची स्वतःची बाग आवारातच आहे त्यांना हे उद्यापासूनही करता येईल.

तोडणी मार्चअखेर संपेल आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी लागेल. तेव्हा उन्हाळ्याची सुटी असते, आणि सगळ्या जगाच्या वाइन प्रदेशांत कुठेही सहज पाहायला न मिळणारे काम नाशिकच्या प्रत्येक बागेत चालू असते. बागाईतदार संघ, वायनऱ्या आणि पर्यटन महामंडळ यांनी एकत्र बसून एप्रिलचा पहिला छाटणी-आठवडा ठरवायचा असेल, तर ती बैठक फेब्रुवारीतच व्हायला हवी. मे उजाडला की बागाईतदार फुटव्यांच्या विरळणीत अडकतो, आणि जूननंतर फवारणीचा पंप पाठीवरून उतरत नाही.